गॅलरी कशाने भरते?



२६ जुलै २०१४. वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. कबड्डीला कसलं आलंय मार्केटिंग, लालबाग-परळच्या मैदानांत गर्दी काय कमी असते, असं म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो. माझं चुकलं होतं, हे आधी कबूल करतो.

मार्केटिंग म्हणजे नुसते फलक आणि नटनट्या नव्हेत. चढाईला तीस सेकंद, आणि ते घड्याळ पडद्यावर सतत समोर. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड, एक गुण जादा. आयुष्यात कधी मातीत न उतरलेल्या माणसालाही त्यामुळे खेळ कळू लागला. घोट्याची पकड कशी बसते, हे मैदानाच्या कडेला उभं राहूनही आम्हाला जे दिसत नव्हतं, ते कॅमेऱ्याने दाखवलं. जाहिरातीवरचा तो पैसा सार्थकी लागला, असं मी मानतो.

पण टीव्हीसमोर बसणारा प्रेक्षक आणि घराबाहेर पडून गॅलरीत येणारा प्रेक्षक यांत फरक आहे. आपल्याकडच्या मंडळांच्या स्पर्धा आठवा. दुपारी मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने मध्यरेषा, निदानरेषा आखायच्या. संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली फिरते आणि संघांची नावं पुकारते. तेही मार्केटिंगच. मात्र लोक जमतात ते त्या संघात आपल्या आळीतला पोरगा खेळतो म्हणून. त्याची आई पदर खोचून दोरीपाशी उभी असते. चढाईला तो निघाला की दोरीमागचे सगळे दम रोखून धरतात.

हे नातं लीगला जोडायचं असेल, तर संघ त्याच्या गावात खेळला पाहिजे. कोरोनाच्या काळात सगळे सामने बंगळूरला, प्रेक्षकांविना झाले. तेव्हा इलाज नव्हता. दहाव्या हंगामात लीग पुन्हा बारा शहरांत फिरली आणि पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवलं. पण २०२५च्या बाराव्या हंगामात सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीला. महाराष्ट्राचे दोन संघ, आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही! पलटण अंतिम फेरीत पोहोचली, दिल्लीत दबंग दिल्लीशी खेळली आणि अवघ्या तीन गुणांनी हरली. पुण्यातल्या पोराने ती झुंज पाहिली ती मोबाइलवर. बारा संघांचा लवाजमा गावोगाव हलवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण चौकाचौकांत कितीही मोठे फलक लावले, तरी त्या पोराला दिल्लीच्या गॅलरीत कसं नेणार?

म्हणून आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. दर हंगामात निदान एक आठवडा मुंबईला आणि एक बालेवाडीला द्या. शाळकरी मुलांना परवडेल असं तिकीट ठेवा. आणि रात्रीचा शेवटचा सामना शेवटची बस सुटायच्या आत संपवा.