पहिलीच्या वर्गाआधी

जून उजाडला की अंधेरी-घाटकोपरपासून बोरिवली-मुलुंडपर्यंत पालकांची लगबग सुरू होते ती वह्या, दप्तर आणि रेनकोटची. 15 जूनच्या सुमारास शाळा उघडतात, प्रवेशोत्सव होतो. मुंबई महापालिकेच्या शाळांत गणवेशासह 27 शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात. त्या वेळेवर हाती पडल्या पाहिजेत, हा पालकांचा आग्रह रास्तच आहे.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो शाळापूर्व तयारी मेळावा. हा मेळावा ज्याचा भाग आहे, ते ‘पहिले पाऊल’ अभियान राज्यात 2022 मध्ये सुरू झालं. पहिला मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा जूनमध्ये. मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात. एकीकडे मूल दोरीवरून उडी मारतं, दुसरीकडे रंगांनुसार वस्तू वेगळ्या करतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं, मणी मोजतं. ही परीक्षा नव्हे बरं का! मुलाला काय जमतं ते विकासपत्रात नोंदवतात आणि सुट्टीत घरी काय करून घ्यायचं ते आईला समजावून सांगतात. वस्तीतल्या माता गट करून हे खेळ घेतात.

तुमचं मूल यंदा पहिलीत जाणार असेल, तर मेळाव्याची तारीख शाळेत विचारून ठेवा. आणि आजी-आजोबांनाही सोबत न्या.