गुम्मिडिपूंडीतून दिसणारं स्ट्रासबर्ग

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



हेग, स्ट्रासबर्ग ही नावं आपण स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेली असतात. तिथली न्यायालयं आपल्या कामाची आहेत का, हे मी आज गुम्मिडिपूंडीतून बघणार आहे. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळचं हे गाव. तिथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे. पीएचडीच्या कामासाठी मी तिथल्या तरुणांना भेटते. त्यातले अनेक आपल्यासारखेच घरातले पहिले पदवीधर. फरक एकच, पदवी आहे पण नागरिकत्व नाही.

कायदा असा आहे: १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. म्हणून छावणीत जन्मलेलं, इथल्याच शाळेत शिकलेलं मूलही परकं ठरतं. २०१९ च्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान आले. श्रीलंका आली नाही.

यात जातही आहे. तमिळनाडूतल्या छावण्यांमध्ये मळ्यांवरचे तमिळही आहेत. त्यांचे पूर्वज बहुतांशी दलित जातींतले. इंग्रजांनी त्यांना इथूनच कॉफी-चहाच्या मळ्यांवर मजुरीला नेलं. १९४८ मध्ये सिलोनने त्यांना नागरिकत्व नाकारलं. ज्यांची पणजी इथून गेली, ते परत आले तेव्हा निर्वासित ठरले.

आता न्यायालयांकडे येऊ. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशांचे खटले ऐकतं. कुलभूषण जाधवांसाठी तिथे भारत सरकार गेलं. त्यांच्या आईला स्वतः जाता आलं नसतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मात्र एकटा माणूस सरकारविरुद्ध उभा राहू शकतो, तो त्या देशाचा नागरिक नसला तरीही.

तिथे श्रीलंकन तमिळ गेले. १९९१ मध्ये पाच तरुण हरले. ब्रिटनने त्यांना १९८८ मध्येच परत पाठवलं होतं आणि त्यातल्या काहींचा तिथे छळही झाला होता. तरी न्यायालय म्हणालं, यांना इतरांपेक्षा वेगळा धोका होता असं दिसत नाही. सतरा वर्षांनी, १७ जुलै २००८ ला, आणखी एका तमिळ माणसाचा निकाल आला. पूर्वीच्या अटका, घेतलेले बोटांचे ठसे, अंगावरचे व्रण, कोलंबो विमानतळावरची तपासणी हे सगळं न्यायालयाने एकत्र तोललं. सगळ्याच तमिळांना धोका आहे असं ते म्हणालं नाही. पण या माणसाला परत पाठवणं म्हणजे छळाच्या तोंडी देणं आहे, असं ठरवलं. निकाल लागेपर्यंत पाठवणी थांबवायचा आदेश आधीच दिलेला होता. तसे आदेश तीनशेहून जास्त तमिळांना मिळाले.

लंडनमधल्या तमिळाला ही सोय, गुम्मिडिपूंडीतल्याला नाही. आशियात असं न्यायालयच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीही केलेली नाही. स्ट्रासबर्गचा निकाल आपल्याकडे हुकूम म्हणून लागू होत नाही. तो युक्तिवाद म्हणून मात्र आणता येतो.

आणि युक्तिवादाला इथे जागा आहे. १९९६ मध्ये चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कलम २१ चं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने मळ्यांवरच्या ६५ तमिळांच्या नागरिकत्वाच्या अर्जांचा विचार करायला केंद्राला सांगितलं.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दुसऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं जगापुढे कसं मांडलं, ते त्यांना बघायचं होतं. हे काम आता आपलं आहे. जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा शोधत फिरलेल्या माणसाला कागद नसणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. तुमच्यातले जे कायदा शिकताहेत, त्यांनी २००८ चा तो निकाल वाचा. सोप्या मराठीत उतरवा, तमिळ मित्रांशी बोला. पुढचा अर्ज लिहिणाऱ्याच्या हातात तो असला पाहिजे.