लंडनमधील एका विद्यार्थ्याचा दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपल्या मंडळातील कितीतरी घरांतून आज कोणी ना कोणी उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेले आहे, किंवा जाण्याच्या तयारीत आहे. ‘मुलाला तिकडे श्वास घ्यायला फुरसत नाही’ असे आईवडील सांगतात, तेव्हा त्यांच्या स्वरात काळजी आणि अभिमान दोन्ही असतात. दिवस भरगच्च असणे ही चांगलीच गोष्ट; पण तो कशाने भरलेला आहे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याच्या लंडनमधील दिवसाकडे आपण क्षणभर पाहू. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१६ साली ते प्रथम लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून, पैला पै जोडून, ते १९२० साली पुन्हा निघाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. तेव्हा लंडनमधला त्यांचा प्रत्येक तास उसन्या पैशांवर आणि मुंबईत रमाबाईंनी काटकसरीने ओढलेल्या संसारावर उभा होता. अशा तासाची किंमत वेगळीच असते.

प्रिमरोज हिल टेकडीजवळ, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ च्या सुमारास त्यांचे बिऱ्हाड होते. चरित्रकारांनी नोंदविले आहे की पहाटे सहाला ते उठत. घरमालकिणीचा हात आखडता. पावाचा तुकडा आणि चहा एवढ्यावर न्याहारी आटोपे. मग ब्रिटिश म्यूझियम गाठायचे. भाड्याचे पैसे वाचावेत म्हणून पुष्कळदा पायीच. १८५७ साली उघडलेले तेथील घुमटाकार वाचनालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय, या त्यांच्या दिवसाच्या चौक्या. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटा. वाचनालय बंद होण्याची वेळ झाली की नाइलाजाने उठायचे. त्यातच ग्रेज इनच्या रिवाजाप्रमाणे तेथील भोजनांना ठरावीक वेळा हजेरी लावावी लागे. बॅरिस्टर होण्याच्या वाटेवरचा तोही एक टप्पा असे. रात्री बिऱ्हाडी परतल्यावर पुन्हा पुस्तके. भुकेने जीव कासावीस झाला की एका गुजराती परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुढे वाचायचे.

पापडाची ही हकीकत आपण परमुलखात राहणारी माणसे चटकन ओळखू. आम्हांला मात्र अधिक मोलाचे वाटते ते त्या टेबलावरचे वाचन. ते वाचत होते सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, चलनविषयक समित्यांपुढील साक्षी. आम्ही सरकारी नोकर मंडळी असे कागद जन्मभर तयार करतो आणि ते कपाटात धूळ खात पडणार असे मनोमन धरून चालतो. या विद्यार्थ्याने त्या धुळीतून आपल्या देशाच्या रुपयाची कहाणी बाहेर काढली. १८९३ साली सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तेव्हापासून चलनाची सूत्रे कशी फिरली आणि त्याचा भार कोणावर पडला, हे त्यांनी मुळापासून तपासले. रुपयाची खरी कसोटी हुंडणावळीच्या दरात नसून देशातल्या बाजारात तो किती वस्तू आणतो यात आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा.

१९२१ साली एम.एस्सी. पदवी मिळाली. पुढच्या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतले. पैसे सरत आले होते. १९२३ साली ते मुंबईस परतले आणि तेथून प्रबंध सुधारून धाडला. तो स्वीकारला गेला व डी.एस्सी. मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा तो ग्रंथ त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. काही मुद्दे आपल्याला मान्य नाहीत, असे सांगूनही लिहिली. गुरुशिष्यांचे हे नाते आमच्या मते एखाद्या पदवीइतकेच मोलाचे होय.

निघण्यापूर्वी, १९२० च्या जानेवारीतच, त्यांनी ‘मूकनायक’ पत्र सुरू केले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी शिकायचे ती माणसे डोळ्यांपुढे ठेवूनच ते बोटीवर चढले. या दिवसाला आकार दिला तो त्या माणसांनी, घड्याळाने नव्हे. उपाशी राहण्यात पुरुषार्थ नाही. आपल्या मुलांनी पोटभर जेवावे आणि वेळेवर झोपावे. फक्त दिवसाचा कोणता तास कोणाच्या कामी येणार आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

किंग हेन्रीज रोडवरचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे. येथे राहणाऱ्यांसाठी आमची एक लहानशी सूचना आहे. या शहरात एकाच खोलीत राहून परीक्षा देणारी मुले पुष्कळ आहेत. मंडळाच्या वाचनालयात त्यांच्यासाठी, मग ती कोणत्याही भाषेची असोत, रात्री दहापर्यंत एक मोठे टेबल आणि चांगला दिवा राखून ठेवावा. सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित स्मारक आम्हांला तरी सुचत नाही.