हात पुढे करणे

(रोश होदेश सिवानच्या दिवशी आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)

माझ्या वडीलधाऱ्या भगिनींनो, लेकींनो आणि मागच्या रांगेत अवघडून बसलेल्या बंधुजनांनो,

मंडळाने मला निवृत्त परिचारिका या नात्याने बोलावले आणि विषय दिला तो असा, की उतारवयातील स्त्रियांनी एकमेकींना आधार कसा द्यावा. मी या विषयात थोडा बदल मागून घेतला. आधार द्यावा कसा, हे आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर सात दिवस डबे कोणी कोणी न्यायचे, हे न सांगता ठरते. कोणी नवस केला तर मलिद्यासाठी पोहे निवडायला आणि नारळ खवायला पाच जणी आपणहून हजर होतात. आधार घ्यावा कसा, ही विद्या मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना अवगत आहे. म्हणून आज मी त्याविषयी बोलणार आहे.

पाच दिवसांनी शाबुओथ येईल आणि आपण रूथचे पुस्तक ऐकू. सारे जण रूथचे गुण गातात आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र तुम्ही बेथलेहेमच्या बायकांकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्यांची नावे कोठेही दिलेली नाहीत. नाओमी मोआबातून परत येते तेव्हा तिचा नवरा गेलेला असतो आणि दोन्ही मुलगेही गेलेले असतात. गावच्या बायका तिला पाहून चकित होतात आणि विचारतात, ही नाओमीच का? त्यावर ती "बरी आहे" असे म्हणत नाही. ती उघड सांगते, की मला नाओमी म्हणू नका, मारा म्हणा, कारण माझे जिणे कडू झाले आहे. भरल्या हातांनी गेले आणि रिकामी परतले. पुस्तकाच्या अखेरीस रूथला मूल होते तेव्हा त्याच बायका नाओमीभोवती जमतात, तिचे सांत्वन करतात आणि बाळाचे नाव ओबेद ठेवतात. हा ओबेद म्हणजे दावीद राजाचा आजोबा. ज्या शेजारणींपुढे तिने कडू बोल काढले, त्यांनाच तिच्या आनंदात वाटा मिळाला.

आपण काय करतो? जिन्यात भेटलेली शेजारीण विचारते, "कशा आहात?" आपण उत्तर देतो, "बारूख हाशेम, बरी आहे." मग दार लावून घेतो आणि दाराआड रडतो.

याला कारण आहे. आपला समाज लहान. पण सेवा करणाऱ्या स्त्रियांची परंपरा मोठी. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. आपल्यापैकी किती तरी जणी परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. दुसऱ्याची उशी नीट करण्यात आपले आयुष्य गेले. त्या उशीवर आपले डोके टेकण्याची पाळी आली, की आपल्याला लाज वाटते. आपण म्हणतो, "कोणापुढे हात पसरायचा नाही." भगिनींनो, मराठीत हात पसरणे वेगळे आणि हात पुढे करणे वेगळे. हात पसरणारा याचक असतो. हात पुढे करणारा समोरच्यालाही हात पुढे करू देतो.

बेराखोथ या ग्रंथात रब्बी योहानान यांची कथा आहे. ते आजारी मित्राला भेटायला जात, त्याचा हात मागत आणि त्याला उठवून उभे करीत. पुढे ते स्वतः आजारी पडले. तेव्हा रब्बी हनीना आले, त्यांनी योहानान यांचा हात मागितला आणि त्यांना उठवले. तेथे प्रश्न विचारला आहे, की जो इतरांना उठवत होता त्याने स्वतःला का उठवले नाही? उत्तराचा आशय असा, की बंदिवानाला स्वतःची कोठडी उघडता येत नाही. या कथेतली एक बारीक गोष्ट पाहा. उठवणाऱ्याने हात मागितला. पण तो देण्याचे काम आजाऱ्याचे होते. त्याने हात पांघरुणाखाली ठेवला असता, तर कोणताही रब्बी त्याला उठवू शकला नसता.

आता प्रत्यक्षातले बोलते. आपल्यातल्याच एका भगिनीची हकिगत तिच्या परवानगीने सांगते. नाव सांगणार नाही. तिच्या यजमानांची स्मृती हळूहळू गेली. रात्री दोन वाजता उठून ते बूट घालीत आणि भायखळ्याची लोकल पकडायला निघत. ती दाराला पाठ लावून बसे. दोन वर्षे हे तिने कोणालाही कळू दिले नाही, कारण नातीचे लग्न ठरायचे होते आणि लोक काय म्हणतील याची भीती होती. शेवटी रक्तदाब वाढून तीच जमिनीवर कोसळली. लक्षात घ्या, अंथरुणाला आधी ती खिळली, जी आजारी नव्हती. असे मी वॉर्डात अनेकदा पाहिले आहे. रुग्णाची काळजी घेणारी स्त्री झोपत नाही, वेळेवर जेवत नाही, स्वतःची तपासणी पुढे ढकलते. तिच्या अंगात बळ आहे म्हणून ती उभी असते, असे आपल्याला वाटते. खरे तर बसायला जागा नसते म्हणून ती उभी असते.

त्या भगिनीने अखेर तोंड उघडले तेव्हा काय झाले? एका शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन दुपारी यजमानांबरोबर कॅरम खेळायला यायचे ठरवले. हिब्रू चांगले येणाऱ्या एकीने बितुआख लेउमीचा अर्ज भरून दिला. हे लाभ कित्येकींना ठाऊकच नसतात. निवृत्तीचे वय झालेल्या, घरी राहणाऱ्या आणि कपडे घालणे, आंघोळ, जेवण, चालणे यांत मदत लागणाऱ्या किंवा एकटे ठेवता न येणाऱ्या व्यक्तीला शुश्रूषा भत्ता मागता येतो. १९८८ पासून तो मिळतो. अपंगत्वाच्या सहा पायऱ्या आहेत आणि उत्पन्नही पाहिले जाते. त्यातून घरी मदतनीस ठेवता येते किंवा रुग्णाला मेरकाज योममध्ये पाठवता येते. हा आपला हक्क आहे. अर्ज नाकारला गेला, तर फेरविचार मागता येतो. तेव्हा पत्र घडी घालून कपाटात ठेवू नका. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची हवी असेल, तर याद सारा ही १९७६ साली जेरुसलेममध्ये सुरू झालेली संस्था त्या वस्तू वापरायला देते. विकत घेण्याची घाई करू नका.

आता परिचारिका म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट सकाळच्या फोनची. एकटी राहणारी स्त्री न्हाणीघरात पडली, तर ती तासन्‌तास फरशीवर पडून राहू शकते. दोघींनी वेळ ठरवावी, समजा आठ वाजता. फोन उचलला नाही, तर दहा मिनिटांनी पुन्हा करावा आणि तरीही उचलला नाही, तर किल्ली ज्या शेजारणीकडे आहे तिला कळवावे. म्हणजे किल्लीही कोणाकडे तरी द्यावीच लागेल. रोज बोलणाऱ्या मैत्रिणीला आणखी एक गोष्ट कळते, जी दूर राहणाऱ्या मुलाला कळत नाही. काल नीट बोलणारी स्त्री आज असंबद्ध बोलू लागली, दिवस की रात्र हे तिला समजेना, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. तासा-दोन तासांत आलेल्या गोंधळामागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो, शरीरातले पाणी कमी झालेले असू शकते किंवा नवे औषध मानवलेले नसते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर वाट न पाहता १०१ ला फोन करा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. आपण लोणचे वाटून खातो तशा गोळ्या वाटून खाऊ नयेत. मैत्रिणीच्या गुडघ्याला लागू पडलेली वेदनाशामक गोळी तुमचा रक्तदाब वाढवू शकते, मूत्रपिंडाला इजा करू शकते, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्राव घडवू शकते. मैत्रिणीने द्यायची मदत वेगळी आहे. सगळ्या गोळ्यांची डबी पिशवीत घालून तिच्याबरोबर कुपात खोलीममध्ये जा आणि डॉक्टरांचे उत्तर दोघींनी मिळून ऐका. चार कान दोन कानांपेक्षा जास्त ऐकतात.

तिसरी गोष्ट सायरनची. अश्दोदमध्ये सायरन झाला, की आपल्याला ४५ सेकंद मिळतात, हे तुम्ही सोसलेले आहे. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या स्त्रीला तेवढ्यात खालच्या मिक्लातपर्यंत पोहोचता येत नाही. आतल्या जिन्यात कोणत्या पायरीवर बसायचे, कोणी हात धरायचा आणि नंतर कोणी फोन करायचा, हे शांततेच्या दिवशी ठरवून ठेवा. घाबरलेल्या माणसाला ठरवता येत नाही. ठरवलेले मात्र आठवते.

चौथी गोष्ट आपल्या मराठीची. स्मृती जाऊ लागली, की पुष्कळदा पुढे शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा मागे उरते. चाळीस वर्षे बाजारात हिब्रू बोललेली स्त्री एके दिवशी हिब्रू प्रश्नाला उत्तर देईनाशी होते. आपल्यातल्या ऐंशी उलटलेल्या एक मावशी मी नोकरीत असताना वॉर्डात होत्या. त्या सहकार्य करीत नाहीत, अशी त्यांच्याबद्दल समजूत झाली होती. मी मराठीत विचारले, "मावशी, पाणी देऊ का?" त्यांनी माझे मनगट घट्ट धरले आणि विचारले, "तांदूळ धुतलेस का गं?" मी म्हटले, "धुतले." त्यानंतर त्या निमूट पाणी प्यायल्या. आपली नातवंडे गुणी आहेत. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येणार नाही. ते उत्तर या सभागृहात बसलेल्या बायकांनाच देता येते आणि आपण दर वर्षी कमी होत आहोत. म्हणून आठवड्यातून अर्धा तास जाऊन मराठीत बोलून येणे, हे किरकोळ काम समजू नका.

आता सर्वांत अवघड विषय. एखादीचा मुलगा तिच्या पेन्शनला हात घालतो. एखादीला सून घालूनपाडून बोलते. एखादीचा नवरा या वयातही हात उगारतो. हे आपल्या समाजात घडत नाही, असे कृपा करून म्हणू नका. या स्त्रिया बोलत नाहीत, कारण आज सांगितलेले शब्बाथला किद्दुशच्या टेबलावर पोहोचेल, अशी त्यांना धास्ती असते. लाशोन हारा हा दोष आपण सारे जाणतो. पण त्याची किंमत कोण मोजते, याचा विचार करीत नाही. ज्या गावात गुपित टिकत नाही, त्या गावात कोणीही मदत मागत नाही. आपण मदत किती करतो याआधी, आपल्याला गुपित किती पेलते, हे पाहायला हवे. आणि जे आपल्याच्याने पेलवणार नाही, ते नगरपालिकेच्या किंवा कुपात खोलीमच्या समाजसेविकेकडे त्या स्त्रीच्या संमतीने, तिच्याबरोबर जाऊन न्यावे. रात्री अपरात्री मन फार खचले, तर १२०१ या क्रमांकावर एरानचे स्वयंसेवक ऐकून घेतात. जीवच धोक्यात असेल, तर मात्र १०० क्रमांकावर पोलिसांना कळवायला मागेपुढे पाहू नका.

विधवा भगिनींविषयी एवढेच सांगते. सात दिवस घर भरलेले असते. आठव्या दिवशी सकाळी ती दोन कप चहा टाकते आणि मग एक कप ओतून देते. डब्यांची यादी आठव्या दिवसापासून पुढे करा. महिन्यानंतर जा, पहिल्या सणाला जा. उपदेश करू नका. त्यांचे नाव घ्या. ते नाव ऐकायला ती आसुसलेली असते.

आजारी माणसाला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे आपले पूर्वज सांगून गेले. साठ जण गेले म्हणजे दुखणे संपेल, असे मात्र त्यांनी म्हटले नाही, कारण प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो आणि थोडे शेवटपर्यंत उरतेच. परिचारिका म्हणून मी याची साक्ष देते. सगळे दुःख कोणालाच उचलता येत नाही. पण साठाव्या हिश्श्याने रुग्ण कूस बदलतो, घोटभर पाणी पितो, रात्र काढतो.

दाराजवळच्या टेबलावर कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. दर वेळी आपण लिहितो, मी अमुक करीन, मी तमुक आणीन. आज तसे लिहू नका. मला काय हवे आहे, ते एका ओळीत लिहा. "मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत हवी." "मला मंगळवारी दोन तास झोप हवी." "मला पत्र वाचून दाखवायला कोणी हवे." खाली फोन नंबर लिहा आणि कागदाची घडी घाला. मंडळाच्या दोघीच ते उघडतील आणि ऐकलेले बाहेर न नेण्याचे त्यांनी वचन दिले आहे. पहिला कागद मी लिहिला आहे. माझ्या उजव्या खांद्यामुळे मला आता वरच्या फळीवरचे पातेले काढता येत नाही. कोणी तरी शुक्रवारी सकाळी येऊन ते खाली काढून द्यावे.

चहा आता आणला आहे. चहा प्यायच्या आधी कागद लिहा. होदेश तोव.