एंजिनाच्या श्वासनलिकेंतील पडदा



वेगवान मोटारींचा शौक असणाऱ्या मंडळींत एक वाद फार दिवस चालत आला आहे. हवेची वाट लहान-मोठी करणारी जी योजना कारखानदार एंजिनाच्या श्वासमार्गांत बसवितो, ती ठेवावी कीं काढून टाकावी? माझें आयुष्य खडू-फळ्याशीं गेलें. मोटारी मीं बहुधा दुरूनच पाहिल्या. परंतु हा प्रश्न मुळांत हवेचा आहे, आणि हवेचा धडा मीं पुष्कळ वर्षें शिकविला आहे.

चुलीपुढें बसलेल्या गृहिणीस त्यांतलें तत्त्व पुस्तकावांचून ठाऊक असतें. फुंकणी अरुंद असली कीं थोडक्या फुंकरीनेंही विस्तव फुलतो. तीच फुंकर रुंद नळांतून घातली तर राखसुद्धां हालत नाहीं. उलट लोहाराच्या भात्यास फुंकणीची नळी जोडली तर त्याचा दम कोंडेल. एंजिनाचेंही तसेंच. तें सावकाश फिरत असतां हवा थोडी लागते. ती अरुंद वाटेनें आली तर वेगानें येते, आणि दट्ट्या वर परतूं लागला तरी आपल्याच जोरानें आंत शिरत राहते. एंजिन भरधांव फिरूं लागलें म्हणजे मात्र तीच वाट अपुरी पडते.

१९८३ सालीं टोयोटा कंपनीनें ४ए-जीई नांवाचें १,५८७ घन सेंटिमीटरचें, सोळा झडपांचें एंजिन काढलें. त्यांत चारही सिलिंडरांना प्रत्येकीं दोन हवानळ्या होत्या, व त्यांपैकीं एकींत फिरती चकती. मिनिटास चार-साडेचार हजार फेरे होईपर्यंत ती मिटलेली, पुढें उघडी. हीच टी-व्हिस योजना. पुढें हौशी लोकांनीं या चकत्या उपटून टाकण्याचा सपाटा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं, उघडी चकती व तिचा दांडाही हवेस अडवितातच, शिवाय तितकेंच वजन कमी होतें.

अडथळा असतो, हें खरें. पण तो किती? आणि तो दूर करण्याकरितां चार हजारांखालचा जोर घालवावयाचा, जेथें रस्त्यावरची गाडी आपला बहुतेक जन्म काढते! कित्येकांचा अनुभव उलट असतो, हें मला मान्य आहे. मात्र त्यांपैकीं कितीकांनीं आधीं ती योजना धड चालत होती कीं नाहीं, हें पाहिलें? चकती मिटलेलीच अडकून बसली, तर एंजिन वरच्या वेगांत गुदमरणारच. असा रोगी पडदा काढल्यावर गाडी धांवली, म्हणून निरोगी पडदाही निरुपयोगी ठरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, खुद्द टोयोटानेंच १९८९ सालीं ही योजना काढली. काढली खरी, पण तेव्हां सिलिंडरच्या डोक्यांतील हवेचीं छिद्रेंच तिनें अरुंद केलीं आणि दाबाचें प्रमाण ९.४ वरून १०.३ वर नेलें. पडद्याचें काम दुसऱ्याकडे सोंपवून मग पडद्यास निरोप दिला. हौशी मनुष्य पडदा काढतो आणि भोंक तेवढेंच मोठें ठेवतो, येथें सगळा फरक आहे.

शर्यतीच्या गाडीस असलीं यंत्रें म्हणजे ओझें, हाही एक समज. १९९१ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बी गाडीच्या हवानळ्या धांवतांनाच लांब-आंखूड होत असत. फॉर्म्युला वनमध्यें अशा नळ्यांवर २००६ सालीं बंदी आली, व २०१५ सालीं त्यांना पुन्हां परवानगी मिळाली. निरुपयोगी वस्तूवर बंदी घालण्याची यातायात कोण करील?

एका ठिकाणीं मात्र मी काढणाऱ्यांच्या बाजूचा आहे. बी.एम.डब्ल्यू.च्या एम५४ या सहा सिलिंडरांच्या एंजिनांतील डिसा झडपेचा पडदा प्लॅस्टिकचा असतो. जुना झाल्यावर तो खिळखिळा होतो, त्याची खीळ निसटते, आणि तुकडे एंजिनाच्या पोटांत जाऊं शकतात. तो खडखडूं लागल्यास एक दिवसही ठेवूं नये. पण त्याच्या जागीं धातूचा मजबूत पडदा बसवितां येतो. वाट कायमची मोकळी टाकण्याचें कारण नाहीं.

ज्याची गाडी केवळ शर्यतीच्या वाटेवर, सदैव पांच हजारांच्या वर फिरते, त्यानें चकत्या खुशाल काढाव्या. मात्र आधीं व नंतर, दोन्ही वेळां गाडी शक्तिमापक रोलरवर चढवून दोन ते चार हजारांमधला जोर मापून घ्यावा. नुसता शेवटचा आंकडा पाहूं नये. आणि काढलेल्या चकत्या तेलकट कागदांत गुंडाळून जपून ठेवाव्या, कारण तें एंजिन आतां कारखान्यांत बनत नाहीं.