नेमबाजीची स्पर्धा आणि आपल्या मुली

(आसगाव येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मजसारख्या निवृत्त मास्तराने पिस्तुलावर भाषण करावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. परंतु प्रसंगच तसा आला आहे. आपल्या विद्यार्थी सहाय्यक निधीकडे यंदा एका मुलीचा अर्ज आलेला आहे. ती नेमबाजी शिकते आणि प्रशिक्षणासाठी व छर्ऱ्यांसाठी मदत मागते. एक सभासद म्हणाले, 'निधी पुस्तकांसाठी आहे, पिस्तुलासाठी नव्हे.' दुसरे म्हणाले, 'मुलीच्या हाती शस्त्र देऊन आपण तिला काय शिकविणार?' दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. म्हणूनच मत देण्यापूर्वी ही स्पर्धा असते तरी कशी, हे सभेने समजून घ्यावे.

प्रथम शस्त्राविषयी. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक म्हणजे दादासाहेब मावळंकर, गांधीजींचे अनुयायी आणि स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचे घराणे मूळचे आपल्या कोकणातील मावळंग्याचे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गृहस्थाला या खेळात काही वावगे वाटले नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष स्पर्धा. स्त्रियांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत एकूण ६० गोळ्या झाडावयाच्या असतात. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. पहिल्या ३० गोळ्या सावकाश असतात, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. मात्र तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या परसातील लिंबाएवढे असते. पुढच्या ३० गोळ्यांना वर्तुळ मोठे मिळते, पण वेळ तीन सेकंदांचा. हात खाली ठेवून उभे राहावयाचे. इशारा होताच तो उचलावयाचा, नेम साधावयाचा आणि एकच गोळी झाडावयाची. मग सात सेकंद थांबून पुन्हा तेच. आपल्याकडील शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सेकंदाची किंमत सांगावयास नको. परंतु पटात जोडीला हाकारता येते. येथे हाकारण्यास कोणी नाही. ओरडून, रागावून किंवा जोर लावून येथे काहीच साधत नाही. बोटाला किंचित घाई झाली की गोळी वर्तुळाबाहेर जाते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत हिचे उदाहरण सांगतो. २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नेमबाजी इंडोनेशियातील पालेंबांग येथे झाली. प्राथमिक फेरीत राहीचे ५८० गुण झाले आणि ती सातवी आली. अंतिम फेरीत आठच जणी घेतात, म्हणजे प्रवेश जेमतेमच. भारताचीच मनू भाकर ५९३ गुणांनी पहिली होती. परंतु अंतिम फेरीत मागचे गुण धरीत नाहीत, सर्वांचा आरंभ शून्यापासून. मनू सहावी राहिली. राही आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून यांचे ३४-३४ नेम बरोबर लागले. निर्णयासाठी दोघींना आणखी पाच पाच गोळ्या दिल्या, तेथेही चार-चार. पुन्हा पाच दिल्या. त्यांत राहीच्या तीन लागल्या, नफस्वानच्या दोन. एका गोळीने सुवर्णपदक! आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

तिच्या तेव्हाच्या मार्गदर्शक मुंखबायार दोर्जसुरेन या मूळच्या मंगोलियाच्या, पुढे जर्मनीकडून खेळलेल्या जगज्जेत्या बाई. मधल्या काळात राहीला कोपराच्या दुखापतीने ग्रासले होते, हेही सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिला अंतिम फेरी गाठता आली नाही. म्हणजे यशाची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु शिष्यवृत्ती देताना आपण तरी मुलाकडून पहिल्या वर्गाची हमी कोठे लिहून घेतो?

परदेशात याच जातीचा आणखी एक खेळ चालतो. त्याची आंतरराष्ट्रीय संस्था १९७६ साली अमेरिकेत स्थापन झाली. त्यात खेळाडू एका जागी उभा न राहता आडोशामागून पुढे सरकत अनेक लक्ष्ये टिपतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. नुसता वेगवान असून भागत नाही, नुसता अचूक असूनही नाही. मला त्यातला एक नियम फार आवडला: पिस्तुलाची नळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे वळली किंवा पिस्तूल हातून पडले, तर खेळाडू त्या संपूर्ण स्पर्धेतून बाद, मग त्याचे गुण कितीही असोत. आमच्या वर्गात शिस्तीचा असा नियम असता तर! असो.

पालकांच्या मनातील धास्ती अशाने थोडी कमी व्हावी. शिवाय मुले आरंभ करतात ती हवेच्या दाबाच्या पिस्तुलाने, दहा मीटरवर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या अशा हत्यारास परवाना लागत नाही. गोळीचे पिस्तूल पुढची पायरी. त्याला परवाना, नोंद, कुलूप सर्व काही लागते.

खर्च मात्र खरा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. धानाच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या बापाला तो झेपणारा नाही. त्याने मुलाच्या कोचिंगसाठी कर्ज काढले, तर आपण त्याची पाठ थोपटतो. मुलीच्या सरावासाठी काढले, तर त्याला वेडा म्हणतो. हा भेद मला पटत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. निधीतून अर्जदार मुलीस एका वर्षापुरती निम्मी मदत द्यावी. रक्कम रोख न देता प्रशिक्षण केंद्राकडे परस्पर भरावी. शाळेतील तिची हजेरी आणि सरावाची वही दर तीन महिन्यांनी चिटणीसांनी पाहावी. वर्षअखेर पुनर्विचार करावा. उरलेल्या निम्म्या रकमेपैकी काही भाग माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याची माझी तयारी आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो येथेच, मुलीच्या वडिलांसमक्ष मांडावा. ते मागल्या रांगेत बसलेले आहेत. चिटणीसांनी आता अर्ज वाचून दाखवावा, अशी विनंती करून मी खाली बसतो.