मागचा आस वळतो तेव्हा
(तेरखेडा येथील भाषण)



तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरील गाव असल्याने वाहनांची वर्दळ आपणांस नवी नाही. परंतु धाराशिव जिल्ह्यात पवनऊर्जेचे प्रकल्प उभे राहू लागल्यापासून एक आगळे वाहन या भागातील रस्त्यांवर दिसू लागले आहे. अलीकडच्या मोठ्या पवनचक्कीचे एकेक पाते ६० ते ७० मीटर लांब असते. एस. टी.च्या पाच-सहा बसगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात, एवढी ही लांबी! हे पाते महामार्ग सोडून माळाकडे वळते, तेव्हा खरी कसोटी लागते.

साध्या मालमोटारीचा मागचा आस वळत नाही. त्यामुळे तिची मागची चाके वळणाच्या आतल्या बाजूने रस्ता कापतात आणि आत उभ्या असलेल्या माणसाला धोका होतो. पाते वाहणाऱ्या गाडीचे मागचे आस मात्र पुढच्या चाकांच्या उलट दिशेस वळविता येतात. त्यामुळे अरुंद वळण साधते. पण आसामागे लोंबणारे टोक वळणाच्या बाहेरच्या बाजूस झेपावते. नेहमीची सुरक्षित जागाच येथे धोक्याची ठरते. खांद्यावर लांब शिडी घेऊन वळणाऱ्या माणसाच्या मागे शहाणा मनुष्य उभा राहत नाही, हे आपण जाणतोच. शिक्षकांनी शाळेच्या पटांगणात मुलांना हाच प्रयोग करून दाखवावा.

परदेशांतील काही मोठ्या घरगाड्यांना आणि आपल्याकडील काही लांब बसगाड्यांनाही असा वळणारा आस असतो. नियम मुळात एकच. वेग घेताना मागचा आस सरळ करून पक्का अडकवावा. वेगात तो उलट वळला, तर गाडी हेलकावते. जो आस आपोआप वळतो, तो गाडी मागे घेतानाही अडकवावा. पाते वाहून नेताना मागचे आस हाताळणारा आणि पुढचा चालक यांचा बिनतारी संपर्क अखंड असावा. तो तुटताच गाडी थांबावी.

पंचायतीने काय करावे? गाडी येण्याची वेळ आधी विचारून घ्यावी व गावात दवंडी द्यावी. शाळा सुटण्याच्या वेळी गाडी वळणावर येऊ देऊ नये. वळणाच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, बाहेरची बाजू तर विशेषच. विजेच्या तारांविषयी वीज कर्मचाऱ्यांना आधी कळवावे. अशा अवाढव्य मालाच्या वाहतुकीस परवानगी लागते. तिच्यातील अटी पाळल्या जातात की नाही, हे अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष वळणावर उभे राहून पाहावे.

शोभेच्या दारूकामासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. क्षणाचा निष्काळजीपणा केवढ्याला पडतो, हे तेरखेड्याला मी काय सांगावे? पवनचक्की गावाजवळ उभी राहो, वीज निर्माण होवो; पण तिचे पाते पाहायला धावलेले प्रत्येक मूल सुखरूप घरी परतले पाहिजे.